वर्कआउटनंतर कार्ब पावडर खरंच लागते का?

पहाटफेरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं, आज लिहूनच टाकतो. मी पुण्यात, वय ३४, वजन ७२ किलो, बसून काम. आठ महिने झाले आठवड्यातून चार दिवस सकाळी सहा ते सव्वासात जिम करतोय, वेट्सच जास्त, शेवटी दहा मिनिटं सायकल. व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) एक स्कूप घेतो, घरी येऊन नाश्ता करतो, मग ऑफिस. आता आमच्या ट्रेनरचं म्हणणं असं की नुसतं व्हे घेऊन उपयोग नाही, त्याच्यासोबत ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (दोन्ही झटपट पचणाऱ्या कार्बच्या पावडरी) पाहिजेच आणि तेही शेवटचा सेट संपल्यापासून अर्ध्या तासात, नाहीतर "विंडो" बंद होते आणि मसल बनतच नाही. इन्सुलिन स्पाइक झाल्याशिवाय प्रोटीन स्नायूत शिरत नाही असंही तो सांगतो. डबा जिममध्येच मिळतो, स्वस्त नाही.
माझी अडचण दुसरीच आहे. बाबांना मधुमेह, आजीलाही होता. सकाळी सकाळी ५० ग्रॅम साखरेसारखी पावडर पाण्यात ढवळून प्यायची ह्याची मला मनापासून भीती वाटते. पण आठ महिन्यांची मेहनत वाया जातेय का हेही डोक्यातून जात नाही. ज्यांनी वापरलंय किंवा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी प्लीज सांगा.

लोखंड_प्रेमी
मी चार वर्षं वापरतोय आणि मला फरक पडतो, स्पष्ट सांगतो. पण माझं वजन ९५, आठवड्यातून सहा दिवस ट्रेनिंग, पायांच्या दिवशी दोन तास जातात. दिवसाला साडेचार हजार कॅलरी पोटात घालायच्या म्हणजे किती जेवायचं तुम्हीच बघा, भात खाऊन खाऊन जबडा दुखतो. माझ्यासाठी पावडर म्हणजे न चावता जाणारं जेवण. सायक्लिक डेक्स्ट्रिन, हीपण कार्ब पावडरच, वर्कआउट चालू असतानाच घोट घोट घेतो, पोट फुगत नाही. तुमच्या चार दिवसांच्या सव्वा तासाला लागेल का, तर मला नाही वाटत.

प्रयोगशाळा
पहाटफेरी, तुमच्या ट्रेनरच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात, त्या आधी वेगळ्या करू. एक म्हणजे ग्लायकोजेन परत भरणं, दुसरी म्हणजे स्नायू वाढणं. कार्बचा थेट संबंध पहिलीशी आहे.

आपण भात पोळी खातो त्यातलं ग्लुकोज स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठतं, त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणीही धरलं जातं, म्हणून पोटभर भात खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा वर दिसतो आणि लोकांना उगाच वाटतं चरबी वाढली. हे सगळं नीट कळलं ते स्वीडनमध्ये १९६६ साली. बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन ह्या दोघा संशोधकांनी एकाच पायाने सायकल चालवून बघितली, दुसरा पाय स्थिर. मग दोन्ही मांड्यांमधून सुईने स्नायूचा कण काढून तपासला. त्यानंतरचे तीन दिवस भरपूर कार्ब खाल्ले तर दमलेल्या पायात आराम केलेल्या पायापेक्षा कितीतरी जास्त ग्लायकोजेन भरलं. म्हणजे दमलेला स्नायू स्वतःच साखर ओढून घेतो.

आता "विंडो" कुठून आली. १९८८ साली अमेरिकेत आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ सायकलपटूंना ७० मिनिटं दमवलं आणि कार्बचं द्रावण एकदा लगेच, एकदा दोन तासांनी दिलं. उशिरा दिल्यावर त्या दोन तासांतला भरण्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला. ट्रेनर सांगतो ते इथपर्यंत बरोबर आहे. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. १९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने हेच ८ तास आणि २४ तासांनी मोजलं तेव्हा लगेच खाल्लेले आणि दोन तास उशिरा खाल्लेले ह्यांच्यात फरकच उरला नव्हता. तुम्ही सकाळी सव्वासातला थांबता आणि पुढचं सेशन निदान पावणेतेवीस तासांनी. मग घाई कशाची?

आणि सायकलवाले तासन् तास पाय मारून टाकी जवळपास रिकामी करतात. वेट्सच्या एका जड सेशनमध्ये वापरलेल्या स्नायूतलं साधारण २५ ते ४० टक्के ग्लायकोजेन जातं, सगळं नाही. ते दिवसभराच्या जेवणात भरून निघतं.

पहाटफेरी
खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पण ते इन्सुलिनचं? प्रोटीन आत जायला कार्ब लागतात हे?

प्रयोगशाळा
इन्सुलिन स्नायूंची मोडतोड कमी करतं हे खरं, पण त्यासाठी ते थोडंसं वाढलं तरी पुरतं आणि तेवढं एकट्या व्हेनेही वाढतं. ह्यावर अगदी तुमच्याच प्रश्नाचा प्रयोग झालेला आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०११ साली एका गटाने पायांचा व्यायाम करून घेतल्यावर एकदा २५ ग्रॅम व्हे दिलं आणि एकदा २५ ग्रॅम व्हे अधिक ५० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन. तुमचा ट्रेनर सांगतो तोच डोस. इन्सुलिन दुसऱ्या वेळी बरंच जास्त चढलं पण स्नायूतलं प्रोटीन बनण्याचा वेग सारखाच, मोडण्याचाही सारखाच. नेदरलँड्समध्ये २००७ साली झालेल्या कामातही हेच दिसलं होतं, प्रोटीन पुरेसं असेल तर वरून कार्ब टाकून प्रोटीन जास्त बनत नाही.

तुमच्या ७२ किलोला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर ११५ ग्रॅम प्रोटीन होतं. आधी तेवढं जातंय का ते बघा. मला शंका आहे की आठ महिन्यांत काही अडलं असेल तर ते इथे अडलंय.

पोहणारीची_आई
धागा वाचतेय, छान चर्चा. थोडं वेगळं लिहिते. माझी मुलगी १४ वर्षांची, पोहण्याच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी हीट्स म्हणजे प्राथमिक फेऱ्या आणि संध्याकाळी फायनल, कधी कधी एकाच दिवशी तीन चार शर्यती. दोन शर्यतींच्या मध्ये ती काहीच खात नसे, पोटात गोळा येतो म्हणायची, आणि संध्याकाळच्या शर्यतीत शेवटच्या पंचवीस मीटरला हात जड व्हायचे. बघून जीव तुटायचा. मी पावडर विकत आणणारच होते पण तिच्या कोचनी आधी घरचं करून बघा सांगितलं. आता मी डब्यात केळं, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याची चिक्की आणि चार खजूर देते. आणि घट्ट अन्न अजिबात जात नसेल तेव्हा कोकम सरबत, साखर आणि चिमूटभर मीठ घालून, ते मात्र ती नक्की पिते. हळूहळू संपवते दोन बाटल्या. हात जड होण्याची तक्रार खूप कमी झाली.

प्रयोगशाळा
पोहणारीची आई, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे कारण घाई खरोखर इथे असते. पुढचं सेशन आठ तासांच्या आत असेल तर पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्ब असा क्रीडा आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो. मुलीचं वजन ४५ असेल तर तासाला ४५ ते ५५ ग्रॅम, म्हणजे दोन केळी किंवा एक केळं आणि ते सरबत. अगदी तंतोतंत मोजायची गरज नाही, तिला झेपेल तेवढंच. सोबत थोडं प्रोटीन गेलं, ताक किंवा दूध, तर कार्ब कमी पडले तरी भरपाई बरी होते.

लाल_माती
आमच्या कोल्हापुरात तालमीत हे सगळं न मोजता चालत आलंय म्हणून लिहितोय. माझे काका गंगावेशीच्या तालमीत राहायला होते, मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जायचो. पहाटे जोर बैठका, लढत, मग आंघोळ करून थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत घोटायची, त्यात दूध आणि खडीसाखर. घोटायचं काम नव्या पोरांकडे असायचं आणि ते वस्तादांच्या देखत करायचं, हात थांबला की आवाज यायचा. मला तेव्हा वाटायचं बदामात ताकद आहे. आता प्रयोगशाळांचं वाचल्यावर वाटतं त्यातली खडीसाखर आणि दूध ह्यांचंही काम तेवढंच होतं. संध्याकाळी परत मेहनत असायची ना. दोन वेळची मेहनत करणाऱ्याला मधे भरपेट पाहिजेच. पण एक गोष्ट सांगतो, कुस्ती सुटलेल्या माणसाने तोच खुराक चालू ठेवला की पोट सुटतं आणि शुगर लागते, घरात बघितलंय मी हे, फार वाईट वाटतं ते बघताना. खुराक मेहनतीच्या मापाने, एवढंच मला कळतं.

साखरेवर_नजर
लाल माती, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. मी ५१ वर्षांचा, टाइप २, नऊ वर्षं गोळ्यांवर. पहाटफेरी, तुमची भीती अनाठायी नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींना त्याची आधीची पायरी असल्याचं आलंय. घरात असेल त्यांनी वर्षातून एकदा एचबीए१सी (मागच्या दोन तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ताची चाचणी) करून घ्यावं, जिमला जात असला तरी.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी व्यायाम सुरू केला तेव्हा भाच्याने एक डबा आणून दिला, वर मोठ्या अक्षरात साखर घातलेली नाही असं लिहिलेलं. मी विश्वासाने घेतला. तासाभराने ग्लुकोमीटरवर आकडा बघितला तर मी घाबरलोच. मग डॉक्टरांनी डबा वाचून दाखवला, माल्टोडेक्स्ट्रिन. ते लेबलवर साखरेत मोजत नाहीत, एकूण कार्बोहायड्रेटमध्ये मोजतात, पण रक्तातली साखर मात्र ग्लुकोजसारखीच झपाट्याने वाढवतं. तेव्हापासून मी साखरेची ओळ सोडून एकूण कार्बची ओळ वाचतो.

अजून एक, उलट बाजूचं. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच घ्यायचं, १५ मिनिटांनी तपासायचं, कमीच असेल तर परत. ते औषध म्हणून. माझ्या जिमच्या बॅगेत ग्लुकोजची पुडी कायम असते. मधुमेह असलेल्यांनी व्यायामाआधी आणि नंतर काय खायचं हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

ग्राउंडवाला
सगळं वाचून काढलं, रात्रीचे साडेअकरा झाले. मी तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या पोरापोरींची तयारी करून घेतो, फी नाही, सकाळी पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळा. माझा प्रश्न असा की संध्याकाळी पोरं बसतात. अक्षरशः दुसऱ्या राउंडला खाली बसतात. विचारलं तर कळतं सकाळी पळून गेल्यावर चहा आणि खारी, मग कोणी शेतात, कोणी दुकानात कामाला, दुपारी दोन अडीचला जेवण, ते पण कधी कधी. दोघं तिघं उधारीवर गेनरचे म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचे डबे घेऊन आलेत. मला ते बघवत नाही, आईबाप मजुरीला जाणारे आहेत. पावडर नको हे मला कळतंय पण नको म्हटल्यावर त्यांच्या हातात काय देऊ? खर्च झेपला पाहिजे.

प्रयोगशाळा
ग्राउंडवाला दादा, तुमच्या पोरांचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात खरा प्रश्न आहे. त्यांना कार्ब लागतात, चांगलेच लागतात, आणि दोन सेशनमध्ये दहा तास आहेत म्हणजे जेवणातून भागण्यासारखं आहे, फक्त ते जेवण सकाळी सरकलं पाहिजे. ६० किलोचं पोरगं धरा. दिवसभरात किलोमागे ५ ते ७ ग्रॅम, म्हणजे ३०० ते ४२० ग्रॅम कार्ब. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीत (साधारण ६० ग्रॅम पीठ) ४० ग्रॅमच्या आसपास, वाडगाभर म्हणजे दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४०, मध्यम केळ्यात २५, दहा ग्रॅम गुळाच्या खड्यात नऊ साडेनऊ. चहा खारीत काय मिळतं त्याच्याशी तुलना करा.

पळून झाल्यावर ग्राउंडवरच मूठभर फुटाणे आणि गूळ. फुटाण्यात शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रोटीन आहे आणि कार्बही भरपूर, गुळाची साखर लगेच मिळते. मग घरी गेल्यावर तासाभरात भाकरी आणि घट्ट आमटी किंवा उसळ, कामाला जायच्या आधी, दुपारची वाट बघायची नाही. संध्याकाळच्या सेशनच्या तास दीड तास आधी एक केळं किंवा पोळीचा गूळ लावून रोल. रात्री परत पोटभर जेवण, जमेल त्याला दूध किंवा दोन अंडी.

लोखंड_प्रेमी
ह्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि गेनरबद्दल मी सांगतो कारण मी घेऊन बसलोय. डब्याच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे जास्त ते आधी. बऱ्याच गेनरवर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनच दिसेल, प्रोटीन त्याच्या मागे. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली पावडर, बहुतेक वेळा मक्याचा. त्या पोरांना सांगा, तुम्ही मक्याच्या स्टार्चला बदामाचा भाव देताय. डबा घेतलाच असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी लायसन्स नंबर आहे का आणि सील नीट आहे का एवढं तरी बघा, सुटं भरून विकलेलं तर हातात सुद्धा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही आणि भरतीला निघालेल्या पोराने तब्येतीशी खेळ करायला नको.

उपासाची_बाई
मधेच विचारते, चतुर्थी आणि एकादशीला माझा उपास असतो आणि त्या दिवशीही मी जिमला जाते. साबुदाणा चालेल का नंतर?

प्रयोगशाळा
ताई, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, कोरड्या शंभर ग्रॅममध्ये ८५ च्या वर कार्ब आणि प्रोटीन नाममात्र. कार्बच हवे असतील तर उपासाच्या ताटातला सगळ्यात सरळ पदार्थ. कमी पडतं ते प्रोटीन, म्हणून दाण्याचं कूट आणि सोबत दही किंवा दूध घ्याच. खिचडीत तूप सढळ असेल तर पचायला वेळ लागेल, पण तुम्हाला पुढचं सेशन त्याच दिवशी नाही तर काही बिघडत नाही. मधुमेह असेल तर मात्र साबुदाणा जपून.

आयर्लंडहून
मी डब्लिनला असतो, लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये आहे. इथे आमच्या क्लबात सगळे जेल (पुडीतून पिळून खायचे घट्ट गोड कार्ब) आणि पावडर वापरतात आणि पाच सहा तास सायकल चालवताना मीही वापरतो कारण तिथे खरंच चालत्या सायकलवर भाकरी खाता येत नाही. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला ६० ग्रॅमपर्यंतच आत घेतं, त्यात फ्रुक्टोज मिसळलं की ९० पर्यंत जातं कारण त्याचा दरवाजा वेगळा. पण घरी परत आल्यावर मी वरण भात लिंबू तूप खातो आणि सगळ्यात छान वाटतं. २०१५ साली मोंटाना विद्यापीठाच्या एका अभ्यासात ११ जणांना ९० मिनिटं सायकलवर दमवून एकदा स्पोर्ट्स ड्रिंक, एनर्जी बार वगैरे दिलं आणि एकदा बर्गर, फ्राइज असलं खाणं, कार्ब जवळपास सारखे. ग्लायकोजेन दोन्हीकडे सारखंच भरलं, नंतरच्या २० किलोमीटरच्या वेळेतही फरक नाही. बर्गर रोज खा असं मी म्हणत नाहीये. पण बर्गरने भरत असेल तर वरण भाताने का नाही भरणार.

पहाटफेरी
सगळ्यांचे मनापासून आभार, दीड महिन्याने लिहितोय. डबा घेतला नाही. प्रोटीन मोजलं तर प्रयोगशाळांची शंका खरी निघाली, दिवसाला जेमतेम ६० ग्रॅम जात होतं. आता नाश्त्याला तीन अंडी आणि दोन पोळ्या किंवा पोहे आणि वाटीभर मोड आलेले मूग, दुपारी डब्यात उसळ आणि दही, रात्री पनीर किंवा चिकन. व्हे तसंच एक स्कूप. स्क्वॉटला जिथे तीन महिने अडकलो होतो तिथून साडेसात किलो पुढे गेलो. एचबीए१सी पण करून आलो, ५.५ आलं, सीमेच्या आत आहे पण फार आत नाही, म्हणून दर वर्षी करणार. ट्रेनरशीही शांतपणे बोललो, त्याला तसंच शिकवलं गेलं होतं. मॅकमास्टरच्या अभ्यासाचं सांगितलं तर त्याने ऐकून घेतलं.

ग्राउंडवाला दादा, तुमच्या पोरांचं काय झालं? रोज आठवण येते त्या प्रतिसादाची.

ग्राउंडवाला
उशिरा बघितलं, माफ करा. गावातल्या एका किराणावाल्याशी बोललो, तो दर आठवड्याला पाच किलो फुटाणे आणि गूळ खरेदीच्या भावाने देतो, पोरं वर्गणी काढतात, ज्याला जमत नाही त्याचं आम्ही दोघं तिघं बघतो. सकाळी सात वाजता ग्राउंडवरच वाटप, खाल्ल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. पोरींच्या आयांना एकदा बोलावून सांगितलं की भाकरी दुपारी नको सकाळी द्या, त्यांनी लगेच ऐकलं, त्या म्हणाल्या आधी सांगायचं होतं ना सर. डबे आणलेल्या दोघांचे डबे अर्धे पडून आहेत. काल संध्याकाळी आठशेचे तीन राउंड घेतले. एकही पोरगी खाली बसली नाही.